दूध म्हणजे जेवण थोडंच

आप्पांना खुर्चीत बसवून, टीव्ही लावून मी खाली बँकेत गेले होते. परत येऊन दार उघडलं तर खुर्ची रिकामी.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना कंपवात होता, डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सन, आणि जवळजवळ दोन वर्षांत ते खुर्चीतून स्वतःचे स्वतः उठले नव्हते. त्यांना उठवायचं म्हणजे समोर उभं राहून दोन्ही हात धरायचे, तोंडाने आकडे म्हणायचे आणि ओढायचं. तरीही पहिल्या खेपेला ते निम्म्यातून परत खाली बसायचे. म्हणून तर मी त्यांना सीवूड्सच्या माझ्या फ्लॅटवर एकटं ठेवून निर्धास्त गेले होते. जो माणूस उठूच शकत नाही तो जाणार कुठे, इतका साधा विचार.

बाथरूम पाहिलं, बेडरूम पाहिली. मग बाल्कनीचं दार उघडं दिसलं. आमचा मजला आठवा. कठड्यापाशी गेले, पण खाली बघायचं धाडस होईना. डोळे मिटून वाकले आणि मग उघडले. खाली कुणाची तरी स्कूटर, दोन कुंड्या आणि सोसायटीचं मांजर. जिवात जीव आला, पण आप्पा तर नव्हतेच.

गेटवर वॉचमन मोबाइल बघत बसला होता.

"वो अंकल ना? बाहर गये."

"किसके साथ?"

"अकेले. चलते चलते गये."

"माझे वडील चालत नाहीत," मी त्याच्यावर खेकसले, तेही मराठीत. माझं डोकं लवकर तापतं. आई मला लहानपणापासून 'तोफ' म्हणते. वॉचमनने माझ्याकडे जरा कीव करत पाहिलं आणि हाताने दिशा दाखवली.

पुढच्या गल्लीत भाजीवाल्याचं दुकान आहे. तिथे कांद्याचा टेम्पो लागला होता, आणि टेम्पोच्या पलीकडून एक आवाज येत होता.

"आरं, मान नगं वाकवूस. पाठीवर घे, मानंवर न्हाई. कंबरंचं वाटोळं करून घेशील."

मी जागीच थांबले. तो आवाज आप्पांचा होता. पण तसा आवाज त्यांना राहिला नव्हता. आजारात त्यांचं बोलणं इतकं बारीक झालं होतं की कान तोंडाजवळ न्यावा लागे, आणि तरी निम्मं कळायचं नाही. हा आवाज तर रस्त्याच्या या बाजूला स्वच्छ ऐकू येत होता.

टेम्पोला वळसा घालून गेले. आप्पा टेम्पोच्या फळीला एक हात लावून उभे होते. ताठ म्हणता येणार नाही, पण उभे. दुसऱ्या हाताने त्यांनी गोणीचा कान धरला होता आणि टेम्पोवाल्याला ती पाठीवर कशी घ्यायची ते दाखवत होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली होती. ती मी लावली नव्हती.

मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. मला भयंकर भीती वाटली. चुकून दुप्पट गोळ्या दिल्या की काय, दुसरंच काही दिलं की काय, मेंदूत काही झालं की काय, असं काहीबाही डोक्यात आलं. मी त्या टेम्पोवाल्यासमोर त्यांच्यावर ओरडले.

"आप्पा, कुणाला विचारून खाली आलात?"

"कुनाला इचारायचं? चाललो की," ते म्हणाले आणि हसले. त्यांचा चेहरा हसू शकतो हे मी विसरून गेले होते.

आप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. साताऱ्याकडून तरुणपणी आले, एका टोळीत लागले आणि शेवटपर्यंत पाठीवर गोण्या वाहिल्या. घर घणसोलीला, माथाडींच्या वसाहतीत. पहाटे अंधारात निघायचे आणि आम्ही भावंडं झोपायला लागलो की परत यायचे. आमच्या लहानपणी आप्पा म्हणजे दाराबाहेर वाळत घातलेला घामाचा शर्ट, एवढीच ओळख.

रिटायर झाल्यावर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आप्पांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता, तरी गावाकडचे पाहुणे आईला बाजूला घेऊन विचारायचे, "सुटली का न्हाई अजून?" आईला हे इतकं लागायचं की ती आप्पांचा तो हात पदराखाली झाकून बसायची, लग्नकार्यात पण. मग पाऊल घसटत पडायला लागलं, उंबऱ्याशी पाय चिकटायला लागले, आणि मी त्यांना वाशीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आप्पांना बोटं वाजवायला लावली, चालायला लावलं आणि आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या दिल्या. दिवसातून चार वेळा, जेवणाआधी अर्धा तास.

गोळ्या सुरू झाल्या आणि आप्पांना मळमळायला लागलं. आईने लगेच निदान केलं. "इंग्लिश औषद हाय, गरम पडनारच. आतडी जळतील त्येंची." आमच्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. गोळी उष्ण, इंजेक्शन त्याहून उष्ण, आणि उष्णतेवर दूध. तिने गोळी दुधाबरोबर द्यायला सुरुवात केली आणि मळमळ खरंच थांबली. मग काय, तिचा विश्वास पक्का. म्हशीचं दूध, तेही तबेल्यावरून आणलेलं, आटवून घट्ट केलेलं, मोठा पेला भरून. वसाहतीतल्या शेजारणीने तिला ताकदीची पावडर सांगितली, तीही त्यात पडायला लागली. आई पेला घेऊन समोर उभी राहायची आणि तळाचा गाळ निघेपर्यंत हलायची नाही.

डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "मळमळ?" आई मान हलवून सांगायची, "आजाबात न्हाई." त्या म्हणायच्या, "गुड." सगळे खूश.

फक्त आप्पा सुधारत नव्हते. डोस वाढला, पुन्हा वाढला. ते आणखी कडक झाले. कुशीवर वळता येईना, घास तोंडापर्यंत जाईना, लाळ गळायला लागली. आई त्यांना भरवायची, पुसायची, पाठ चोळायची. दोन वर्षांत ती एक दिवस घराबाहेर राहिली नाही.

आणि ती खुर्ची रिकामी दिसली त्याच्या महिनाभर आधी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं.

"बघा, पार्किन्सन असेल तर या गोळीला पेशंट दाद देतोच," त्या म्हणाल्या. "यांना इतका डोस देऊन काही फरक नाही. मला वाटतंय हा तो आजार नाहीये. दिसायला सेम, पण दुसरा. जास्त वाईट. त्याला औषध नाही."

"मग?"

"तयारी ठेवा. पुढच्या वर्षापर्यंत कदाचित बेडवर असतील. गिळायला पण त्रास होईल."

मी बाहेर आले तर आई आप्पांच्या तोंडाची लाळ पुसत बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं की डॉक्टर म्हणाल्या काळजी घ्या. आईने ते शब्दशः घेतलं आणि दुधात पावडरचा एक चमचा वाढवला.

असं सगळं असताना गावाकडे माझ्या मावशीचं ऑपरेशन निघालं. मावशीला मूलबाळ नाही, आईला जाणं भाग होतं. ती निघायला तयारच होईना. शेवटी मी आप्पांना सीवूड्सला घेऊन आले. नवरा कामासाठी बाहेरगावी होता, मी ऑफिसातून घरून काम मागून घेतलं. आईने निघताना मला अशा सूचना दिल्या जशी मी कुणी परकी मोलकरीण आहे. सगळ्यात शेवटी, एसटीच्या खिडकीतून, "दूध चुकवू नगंस."

मी चुकवलं. मुद्दाम काही नाही. आमच्या घरी दोघंही कोरा चहा पितो, दुधाची पिशवी येते ती आठवड्यातून कधीतरी. सकाळी उठल्या उठल्या आप्पांना गोळी द्यायची, मला मीटिंगला बसायचं, त्यात दूध तापवून आटवणार कधी? मी पाण्याबरोबर गोळी द्यायची आणि दूध नंतर देऊ म्हणायची. ते नंतर कधी यायचंच नाही. फोनवर आई विचारायची, "दूध देतीस न्हवं?" मी म्हणायची, "देते गं." तबेला शोधत बसायला मला वेळ नव्हता आणि तिच्याशी वाद घालायलाही.

दोनतीन दिवसांत आप्पा ताटातला घास स्वतः घ्यायला लागले. मी म्हटलं, जागा बदलली, हवा लागली. सकाळी ते कुशीवर वळून झोपलेले दिसले. मी म्हटलं, गादी चांगली आहे आपली. माणूस डोळ्यांनी बघतो आणि तरी त्याला दिसत नाही, तसं माझं झालं. आणि मग ती रिकामी खुर्ची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन वाशीला गेले. दवाखान्याच्या दारातून आप्पा माझा हात न धरता आत आले. डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "बसवा त्यांना." आप्पा म्हणाले, "बसतो की," आणि बसले. तेव्हा त्यांनी मान वर केली.

त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या. आप्पांचं मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं. बोटं वाजवायला लावली. उठा म्हणाल्या, चाला म्हणाल्या, वळा म्हणाल्या. आप्पा परेडला उभं केल्यासारखे सगळं करत होते. अडखळत, जरा हळू, पण करत होते.

"काय बदललं?" त्यांनी मला विचारलं.

"काहीच नाही. तुमच्याच गोळ्या आहेत."

"एव्हरीथिंग सांगा. झोप, खाणं, वेळा, सगळं."

मी सांगत गेले. माझ्याकडे आणलंय, लिफ्ट आहे, गादी जाड आहे, टीव्ही मोठा आहे. स्वतःला ऐकू येत होतं की मी मूर्खासारखं बोलतेय. त्या थांबवत नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?"

"पाण्याबरोबर."

"आणि आई?"

"दुधाबरोबर. मोठा पेला. पावडर घालून."

त्यांचं पेन थांबलं. "कसली पावडर?"

"ताकदीची. प्रोटीनची असते ती."

"प्रत्येक गोळीला?"

"प्रत्येक."

"मी लिहून दिलं होतं, जेवणाआधी अर्धा तास."

"जेवणाआधीच देते की. जेवायला अर्ध्या तासाने वाढते. घड्याळ लावून."

"अहो, पण दूध..."

"दूध म्हणजे जेवण थोडंच?" मी म्हणाले.

हे मी अगदी सहज म्हणाले. डॉक्टरीणबाईंना कळत कसं नाही याचं मला नवल वाटलं. आमच्या घरी दूध जेवणात धरत नाहीत. कडक उपवासाला दूध चालतं. 'काही खाल्लं नाही, नुसतं दूध घेतलंय' असं आम्ही सगळे म्हणतो. आईला जेवणाआधी द्या सांगितलं, तिने जेवणाआधी दिलं. तिने एकही सूचना मोडली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही गोळी आणि दुधातलं, डाळीतलं प्रोटीन एकाच दारातून शरीरात जातात," त्या म्हणाल्या. "दाराशी प्रोटीनची गर्दी असली की गोळीला आत शिरता येत नाही. थोडं दूध असतं तर थोडा फरक पडला असता. पण आटवलेलं दूध, वर पावडर, आणि रोज, प्रत्येक डोसला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "त्यांना मळमळ होत नव्हती कारण गोळी पोचतच नव्हती. आणि मी गुड म्हणत होते."

आप्पा भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होते.

"तुम्ही मला सांगितलं होतं तयारी ठेवा," मी म्हणाले. माझा आवाज चढत होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "बेडवर जातील म्हणालात. औषध नाही म्हणालात."

"हो."

"मी तयारी करत होते, मॅडम. मी भावाला फोन करून रडले. त्याला म्हटलं, येऊन भेटून जा. कारण काय, तर दूध?"

"मी विचारायला हवं होतं कशाबरोबर घेता," त्या म्हणाल्या. "कधी विचारलंच नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. तो चेहरा पाहून माझं भांडणच संपलं. मग त्यांनी सांगितलं की तो दुसरा आजार असेल असं आता वाटत नाही, महिनाभर नुसत्या पाण्याबरोबर देऊन बघू. पार्किन्सन आहेच, तो जाणार नाही, पण माणूस बरीच वर्षं चालू-फिरू शकेल. डोसही कमी केला, कारण आता गोळी खरोखर शरीरात शिरून काम करणार होती.

बाहेर आले आणि बसस्टॉपवर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं. दोन वर्षं एक चालता माणूस आम्ही खुर्चीत जखडून ठेवला होता. उठवत होतो, भरवत होतो, त्याच्या नावाने रडत होतो, आणि दिवसातून चार वेळा पेला भरून त्याला बांधून घालत होतो. शेजारणीच्या नावाने मी तिथेच खडे फोडले. मग आईवर आले.

"येऊ दे तिला गावाहून. सांगतेच. किती वेळा म्हटलं होतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस."

बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले होते. ते बाहेरच बघत म्हणाले, "तिला बोलू नगंस."

"का नको?"

"तिनं काय मुद्दाम क्येलं?"

"मुद्दाम नसेल, पण..."

"म्या सांगंन. तू तोंड उघडू नगंस." इतक्या वर्षांनी त्यांनी मला दटावलं, आणि मी खरोखर गप्प बसले.

आई आली त्या दिवशी मी आप्पांना घणसोलीला आधीच नेऊन ठेवलं होतं. बेल वाजली तशी मी उठत होते, तर आप्पाच उठले. दार त्यांनी उघडलं. आई दारात पिशवी घेऊन उभी. तिने आप्पांकडे पाहिलं आणि मग वाकून त्यांच्या पाठीमागे पाहिलं, त्यांना मागून धरलंय कुणी ते बघायला.

"अवो, उभं कसं ऱ्हायलात?" ती म्हणाली. पिशवी तिच्या हातातून सुटली.

आप्पांनी सांगायचं काम त्यांच्या पद्धतीने केलं, म्हणजे गोणी खाली टाकावी तसं. "गोळी पान्याबरूबर घ्यायची. दुधानं अडत व्हती. डाक्टरीन म्हनली."

आईने माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

मी किती भाषणं तयार केली होती. "हो," एवढंच म्हणाले.

"दुधानं?"

"हो, आई."

ती भिंतीला टेकून खाली बसली. चप्पलसुद्धा काढली नव्हती. मग म्हणाली, "म्या तर आटवून देत व्हते. ताकद यावी म्हून."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. उठली, फडताळातला पावडरचा डबा काढला आणि शेजारणीच्या दारात नेऊन ठेवला, न बोलता. तबेल्यावरचं दूध बंद केलं. त्या दिवसापासून तिने आप्पांच्या गोळीला हात लावला नाही. पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि बाजूला सरकायची. मी फोनवर डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं की रात्री शेवटच्या गोळीनंतर बऱ्याच वेळाने थोडं दूध चालेल. आईला सांगितलं तर ती नको नको म्हणून हात हलवत राहिली, जणू मी तिच्या हातात विस्तव देतेय.

महिना गेला, दुसरा गेला. आप्पा वसाहतीच्या गेटपर्यंत, मग नाक्यापर्यंत, आणि एक दिवस बस धरून थेट वाशीला मार्केटात. टोळीतल्या माणसांनी त्यांना चहा पाजला, मुकादमाने म्हणे मिठी मारली. मग ते रोजच जायला लागले. दुपारच्या गोळ्या शर्टाच्या खिशात. मार्केटातल्या नळाच्या पाण्याबरोबर घ्यायच्या. संध्याकाळी औषधाचा जोर उतरला की पाय जड व्हायचे, तेव्हा टोळीतलं कुणीतरी त्यांना बसमध्ये बसवून द्यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पार्किन्सनच आहे, पक्कं. मी ऑफिसात पेढे वाटले. कोणत्या आनंदाचे म्हणून सांगू, ते समजेना. वडिलांना पार्किन्सन आहे म्हणून पेढे वाटणारी मी एकटीच असेन.

एका रविवारी दुपारी मी घणसोलीला गेले. आई एकटीच होती, खिडकीशी बसून लसूण सोलत होती. आप्पा अर्थातच मार्केटात. मी म्हटलं, "रविवारी पण?"

"त्येंना आता रविवार कुठला?"

मी तिच्याजवळ बसले, लसूण सोलायला घेतला. ती वाळली होती. मला वाटलं, अजून ते दुधाचं मनाला लावून घेतलंय. म्हणून मी समजावणीच्या सुरात सुरू केलं. तुझी चूक नव्हती, डॉक्टरांनी पण विचारलं नाही, तू इतकं केलंस म्हणून तर ते टिकले, वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्या मुद्दाम न्हवतं क्येलं गं."

"माहीत आहे मला."

"ठाव असतं तर दिलं नसतं."

"आई, कुणी काही म्हणतंय का तुला?"

"न्हाई. कुनी न्हाई." तिने पाकळ्या वाटीत टाकल्या. "लगीन झालं तवापासून ह्यांचं मार्केट. तू झालीस तवा मार्केटात. तुझा भाऊ झाला तवा बी मार्केटात. म्हनलं, रिटायर झालं की बसतील दोन घटका. तर खाली कट्ट्यावर पत्ते. ही दोन वर्सं तेवढी घरात व्हते. म्या हाक मारली की बगायचे. बोलाया येत न्हवतं, पर ऐकायचे. म्या सगळं सांगायची त्येंना. गावाकडचं, माज्या आयेचं, समदं."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा येत होता.

"तू कुनाला बोलू नगंस," ती म्हणाली. "परवा सकाळी ह्यांनी शर्ट घातला, गोळ्या खिशात टाकल्या, माज्याकडं बगितलं बी न्हाई. तवा माज्या मनात आलं..." ती थांबली.

"काय आलं?"

"म्हनलं, एक पेला द्यावा. आजच्या दिस."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसला त्याहून मोठा धक्का मला त्या वेळी बसला. ही माझी आई होती. हिने नवऱ्याची लाळ पदराने पुसली होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना, म्हणून मी वाटीकडे बघत विचारलं.

"दिलास?"

"तापवलं व्हतं," आई म्हणाली. "त्ये चपला घालत व्हते तवर पेल्यात वतलं बी. मग ग्येले त्ये. म्या दार लावलं आन् उभ्यानंच पिऊन टाकलं."